स्वतःची साक्ष सुधारताना

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत पदवीसाठी प्रवेश हवा असेल तर गुणपत्रिका आणि शिफारसपत्रांच्या जोडीला स्वतःविषयी एक निबंध द्यावा लागतो. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन एक सामाईक अर्ज तयार केला. ‘कॉमन ॲप’ या नावाने तो आज हजाराहून अधिक कॉलेजांत चालतो. त्यातल्या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. आलेली अडचण किंवा अपयश, मनातल्या एखाद्या समजुतीवर पडलेले प्रश्नचिन्ह, कुणाविषयी वाटलेली कृतज्ञता, असे विषय सुचवलेले असतात. पुण्या-मुंबईतली मुले हा निबंध लिहितात, तशीच न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतलीही लिहितात. मुलाच्या हातून सुटलेला निबंध मग बऱ्याच हातांतून फिरतो. शाळेतले काउन्सेलर, फी घेऊन मार्गदर्शन करणारे सल्लागार, इंग्रजी चांगले असलेली आत्या, गेल्या वर्षी प्रवेश मिळालेला मामेभाऊ, सगळे एकच सांगतात, अजून थोडा सुधार. गणित सुधारणे म्हणजे काय ते आपल्याला कळते, कारण बरोबर उत्तर गणित सोडवणाऱ्याच्या बाहेर असते. शुद्धलेखन कशाला ताडून पाहायचे तेही ठाऊक असते. पण एखाद्याने स्वतःविषयी जे सांगितले ते सुधारायचे म्हणजे कशाच्या जवळ न्यायचे? तो जसा आहे त्याच्या जवळ, की वाचणाऱ्याला तो जसा हवा आहे त्याच्या जवळ? प्रवेशाच्या धामधुमीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला तो मुळात धर्माचा आणि नीतीचा प्रश्न वाटतो.

यावर दोन उत्तरे सहज मिळतात. पहिले असे की मनातून जे पहिल्यांदा उतरले तेच खरे. हात लावला की ते बिघडते. दुसरे असे की हा अर्जाचा एक भाग आहे, त्यात खऱ्याखोट्याचा संबंधच नाही. लग्नाला जाताना आपण बरे कपडे घालतो तसेच हे. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि दोन्हींची चूक एकच आहे. सत्य आणि सुधारणा ही एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे उलट आहे. स्वतःविषयीचे पहिले लिखाण बहुधा सगळ्यांत कमी खरे असते, कारण त्यात लोकांकडून ऐकलेली वाक्ये भरलेली असतात. ती एकेक करून काढल्याशिवाय स्वतःचे काही हाती लागत नाही. म्हणून सुधारणा हवीच. पण ती कुणी करायची आणि कोणत्या दिशेने, यावर सगळे ठरते. हा निबंध म्हणजे एक साक्ष आहे. साक्ष अधिक नेमकी करता येते, तिच्यातला गोंधळ दूर करता येतो. फक्त ‘नाही, असे घडले नव्हते’ म्हणण्याचा अधिकार साक्षीदाराजवळच राहायला हवा. तो ज्या क्षणी दुसऱ्याच्या हाती जातो, त्या क्षणी सुधारणा संपते.

याचा एक जुना आणि बोलका पुरावा हार्वर्ड विद्यापीठाच्या केंब्रिज या गावात सापडतो. १६३६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीने हार्वर्डची स्थापना केली. त्याच काळात तिथल्या चर्चमध्ये एक नवी अट रूढ झाली. सभासद व्हायचे तर नुसते सदाचरण आणि धर्मसिद्धान्तांची माहिती पुरेशी नाही; देवाची कृपा आपल्या अंतःकरणात कशी उतरली, हे उमेदवाराने सगळ्या मंडळीला सांगायचे. केंब्रिजच्या चर्चचे धर्मगुरू थॉमस शेपर्ड यांनी अशी सुमारे पन्नास निवेदने स्वतःच्या वहीत टिपून ठेवली. त्यांत घरकामाला असलेल्या बाईचे निवेदन आहे, गृहिणींची आहेत, आणि १६४० मध्ये हार्वर्डचे पहिले अध्यक्ष झालेले हेन्री डन्स्टर यांचेही आहे. म्हणजे ज्या संस्थेच्या दारात आज जगभरची मुले आपली कहाणी घेऊन उभी राहतात, तिच्या पहिल्या अध्यक्षालाही शेजारच्या चर्चच्या दारात आपली कहाणी सांगावी लागली होती. आजचा निबंध थेट त्या प्रथेतून उतरला, असा माझा दावा नाही. पण दोन्हींचा घाट एकच आहे. काही पारखी माणसे समोर बसली आहेत, आत घ्यायचे की नाही ते त्यांच्या हाती आहे, आणि बाहेर उभ्या असलेल्याने आपल्या आत काय पालटले ते त्यांना पटेल असे सांगायचे आहे.

ती निवेदने एकामागून एक वाचली की एक साचा दिसू लागतो. आधी बेफिकिरी, मग पापाची जाणीव, मग निराशा, मग एखादे प्रवचन किंवा बायबलमधले वचन कानी पडणे, आणि त्यातून उगवणारी आशा. ही माणसे खोटे बोलत होती का? मला तसे वाटत नाही. वर्षानुवर्षे प्रवचने ऐकून त्यांना आपल्याच मनाकडे पाहण्याची भाषा मिळाली होती, आणि त्या भाषेत त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. साचा असणे म्हणजे लबाडी असणे नव्हे. पण त्याच वहीत काही निवेदने अडखळतात. एवढा समुद्र ओलांडून देवासाठी इथे आलो, आणि इथे आल्यावर मन पेटण्याऐवजी थंडच पडले, असे काही जण कबूल करतात. त्या साच्यात ही कबुली बसत नाही; अर्जदाराच्या फायद्याची तर ती मुळीच नाही. आज पावणेचारशे वर्षांनी वाचताना आपला विश्वास बसतो तो याच जागांवर. खुद्द शेपर्ड यांनाही सुधारणेची गरज जाणवत होती. अंतःकरण पालटल्याचा मुहूर्त सांगणारी आणि दृष्टान्तांचे पाल्हाळ लावणारी लांबलचक भाषणे त्यांना कंटाळवाणी आणि अशोभनीय वाटत. ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे तेवढेच बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते. कापाकापीला धर्माची हरकत नव्हती, एवढे यावरून नक्की ठरते.

पुढे या प्रथेवरून जो वाद झाला तो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातो. मॅसॅच्युसेट्समधल्याच नॉर्थहॅम्प्टनचे धर्मगुरू सॉलोमन स्टॉडर्ड यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस निवेदनाची अटच सोडून दिली. माणसाच्या अंतःकरणात काय आहे हे दुसऱ्या माणसाला खात्रीने कळू शकत नाही, मग ते पारखण्याचे सोंग कशाला, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे नातू जोनाथन एडवर्ड्स त्याच चर्चमध्ये त्यांच्या जागी आले. धार्मिक भावनांची पारख कशी करावी यावर त्यांनी १७४६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादा माणूस आपल्या अनुभवाविषयी ओघवते आणि कळकळीने बोलतो, यावरून त्याच्यावर कृपा झाली की नाही हे काहीच ठरत नाही, असे एडवर्ड्स तिथे स्पष्ट सांगतात. सगळ्यांत भक्कम खूण म्हणजे दीर्घकाळ टिकलेले आचरण. तरीही चर्चमध्ये येणाऱ्याने आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडाने मांडावी, हा आग्रह त्यांनी आजोबांच्या पद्धतीविरुद्ध जाऊन पुन्हा धरला, आणि १७५० साली मंडळीने त्यांना पदावरून दूर केले. माणसाने स्वतःविषयी बोलावे. पण त्याच्या बोलण्याचा ओघ हा पुरावा समजू नये. एडवर्ड्स यांच्या या दोन मतांत मला विसंगती दिसत नाही. निबंध सुधारणाऱ्या प्रत्येकाने यातली दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या सुधारणेने फक्त ओघ वाढतो तिने साक्ष तसूभरही सुधारत नाही.

आपल्याकडे याच प्रकारचे, पण पूर्ण वेगळ्या वृत्तीचे लिखाण आहे ते तुकोबांचे. स्वतःच्या आयुष्याविषयीचा त्यांचा अभंग सुरूच होतो तो जवळजवळ नाइलाजाने: हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून तुमचा शब्द पाळतो. मग जात आणि धंदा येतो, आईवडिलांचे जाणे येते, दुष्काळ येतो, अन्न अन्न करत गेलेली पत्नी येते, बुडालेला व्यापार आणि त्याची लाज येते. आजच्या भाषेत ‘अडचणींवर मात’ या विषयाला याहून जड सामग्री कुठे मिळणार? पण तुकोबा या सामग्रीचे काय करतात ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुःखामुळे मी कणखर झालो, असे ते या अभंगात म्हणत नाहीत. देऊळ भंगलेले होते, ते नीट करावे असे चित्तात आले, एवढेच सांगतात. दुष्काळ आणि देऊळ यांच्यामध्ये ‘म्हणून’ हा शब्द ते घालत नाहीत. सुरुवातीला कीर्तनाचा सराव नव्हता, म्हणून संतांची वचने आदराने पाठ केली, हेही ते मोकळेपणाने सांगतात. दुसऱ्याचे शब्द घेतले तर घेतले असे सांगतात. आणि शेवटाकडे येताना, विस्तार करत बसलो तर उशीर होईल, आता एवढे दिसते, पुढचे देव जाणे, असे म्हणतात. आपल्या आयुष्याची फलश्रुती ते स्वतः लिहीत नाहीत.

तुकोबांशी सतरा वर्षांच्या मुलाची बरोबरी करायची नाही. पण त्यांच्या संयमातून जी कसोटी मिळते ती त्या मुलाच्याही उपयोगाची आहे, आणि ती कशी लागू पडते ते एका उदाहरणात जवळून पाहू. समजा, एका मुलीने दर शनिवारी महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवले आणि त्यावर निबंध लिहिला. पहिल्या खर्ड्यातले शेवटचे वाक्य असे असेल: त्या मुलांच्या डोळ्यांतली चमक पाहून मला नेतृत्वाचा खरा अर्थ उमगला. हे वाक्य तिचे नाही. ते तिने आधीच्या यशस्वी निबंधांतून, भाषणांतून, जाहिरातींतून उचलले आहे, आणि उचलले आहे हे तिला ठाऊकही नाही. आता दोन प्रकारचे मदतनीस येतात. पहिला वाक्य घासतो. ‘चमक’ गुळगुळीत वाटते म्हणून तिथे एखाद्या मुलाचे नाव घालतो, त्याच्या तोंडी एक हृद्य वाक्य घालतो, आणि ‘नेतृत्व’ जुने झाले म्हणून ‘सहवेदना’ लिहितो. निबंध आता खूपच वाचनीय होतो. दुसरा वाक्याला हातच लावत नाही, तो विचारतो. पहिल्या शनिवारी किती मुले आली? चौथ्या शनिवारी किती? जी आली नाहीत ती का आली नाहीत? मुलगी आठवू लागते. चौथ्या शनिवारी दोनच मुले आली होती, कारण बाकीच्यांच्या वस्तीत त्याच वेळी पाणी येत होते आणि पाणी भरायचे काम त्यांच्याकडे होते. तिला हे नंतर कळले. त्या दिवशी तिला फक्त राग आला होता, आपला वेळ वाया गेला म्हणून. पुढचे दोन शनिवार ती गेलीच नव्हती. त्यानंतरच्या शनिवारी गेली ती वेळ बदलून. हे सगळे पहिल्या खर्ड्यात नव्हते. तिने ते लपवले नव्हते, ते तिला सांगण्याजोगे वाटले नव्हते. आता तिच्यासमोर स्वतःविषयीची एक गोष्ट आहे जी लिहायला बसण्याआधी तिला माहीत नव्हती: आपण ज्यांच्यासाठी जात होतो त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक आपण कधी विचारलेच नव्हते. या सुधारणेत तिला काहीतरी सोडावे लागले. डोळ्यांतली चमक सोडावी लागली, आणि स्वतःचे एक सुखावह चित्रही. पहिल्या मदतनिसाने तिला फक्त दिले, दुसऱ्याने तिच्याकडून काढून घेतले, आणि माझ्या मते खरी मदत दुसऱ्यानेच केली.

यावर एक आक्षेप असा येईल की प्रश्न विचारणारा मदतनीससुद्धा निबंध घडवतोच. तो काय विचारतो यावर काय आठवेल ते ठरते. हे खरे आहे. पण प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देता येते. तयार वाक्याला, विशेषतः ते आपल्यापेक्षा वयाने मोठ्या आणि इंग्रजी जास्त येणाऱ्या माणसाने दिलेले असेल तेव्हा, ‘नाही’ म्हणणे मुलांना फार जड जाते. मोठमोठ्या लेखकांचे लिखाणही संपादक सुधारतातच की, असेही कुणी म्हणेल. सुधारतात, पण छापील पुस्तकाच्या वाचकाला संपादक असतो हे ठाऊक असते, आणि लेखकाला त्याची सूचना झुगारता येते. इथे अर्ज पाठवताना विद्यार्थी असे नमूद करतो की ही माहिती खरी आहे आणि हे लिखाण माझे आहे. सही त्याची एकट्याची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा सगळा नैतिक भार मुलावर का टाकायचा? खेळच मुळात वाकडा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ६०,००० अर्जदारांच्या निबंधांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निबंधांतला मजकूर आणि शैली यांचा कुटुंबाच्या उत्पन्नाशी असलेला संबंध, एसएटी परीक्षेच्या गुणांच्या उत्पन्नाशी असलेल्या संबंधापेक्षाही घट्ट आहे, असे त्यात आढळले. अंतरंग पारखण्याच्या नावाखाली पूर्वग्रह किती सहज आत शिरतात याचाही दाखला आहे. १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या खुपू लागली, तेव्हा हार्वर्डच्या अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान आणि घराण्याने नाव बदलले असल्यास त्याचा खुलासा, असे प्रश्न आले, आणि त्या दशकात ‘चारित्र्य’ ही प्रवेशाची एक मोठी कसोटी झाली. हार्वर्डविरुद्धच्या अलीकडच्या खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या सदरात सरासरी कमी गुण मिळाल्याची आकडेवारी पुढे आली, आणि त्यात भारतीय घरांतली मुलेही होती. जून २०२३ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा थेट विचार करायला मनाई केली. वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात सांगितल्यास त्याचा विचार करण्याची मुभा मात्र ठेवली. परिणामी आपली जखम उघडी करून दाखवण्याचे दडपण आणखी वाढले. हे सगळे अन्यायाचे आहे, आणि ज्यांच्या हाती प्रवेश आहे त्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे. स्टॉडर्ड यांच्याप्रमाणे ही अटच काढून टाकावी, असे कुणी म्हणाले तर मी त्याच्याशी फार भांडणार नाही. पण प्रश्न विचारणारा अन्यायी आहे म्हणून माझे उत्तर खोटे असले तरी चालेल, हे त्यातून निघत नाही. खोट्या निबंधाने कॉलेजचे नुकसान होते की नाही ते कॉलेज पाहील. सतराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच ‘तू कोण’ असा लेखी प्रश्न आला असताना, दुसऱ्याने रचलेले उत्तर स्वतःच्या नावावर लिहिणाऱ्याचे जे नुकसान होते ते मात्र त्याचे एकट्याचे आहे.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. ‘मी’ म्हणून काही कायमचे आहेच कुठे? बुद्धाने अनात्म सांगितले. वेदान्ताने ज्याला खरा आत्मा म्हटले त्याला तर चरित्रच नसते. मग ज्या ‘मी’ला बूडच नाही त्याच्याविषयी खरे काय आणि खोटे काय? हा युक्तिवाद ऐकायला खोल वाटतो, पण ज्या बुद्धाच्या नावाने तो केला जातो त्यानेच त्याचे उत्तर दिले आहे. अनात्म सांगणाऱ्यानेच पंचशीलात खोटे न बोलण्याचे शील ठेवले. आणि कोवळ्या वयाच्या राहुलाला, आपल्याच मुलाला, त्याने जो उपदेश केला तो नेमका जाणूनबुजून खोटे बोलण्याविषयी होता. कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ती तपासून पाहा, असे तो त्याला सांगतो; कायेची, वाचेची आणि मनाची, तिन्ही. कायमचा ‘मी’ नसेल, पण चौथ्या शनिवारी दोनच मुले आली ही घटना आहे. स्वतःविषयीचे सत्य म्हणजे आपल्या गाभ्याचा शोध लागणे नव्हे. काय घडले, आपण काय केले आणि त्यातले आपल्याला काय कळले नाही, हे घडले तसे सांगणे एवढे तरी ते असतेच, आणि एवढे सतरा वर्षांच्या माणसाला पूर्णपणे शक्य आहे. त्याच्याकडून जीवनाचा अर्थ उमगल्याची ग्वाही मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्याकडून साक्ष मागणे हा नाही.

शेवटी उरतो तो व्यवहाराचा आक्षेप. घासूनपुसून लिहिलेला निबंध जिंकेल आणि प्रामाणिक निबंध मागे पडेल. कधी कधी तसे होईल. प्रामाणिक लिहिले की प्रवेश मिळतोच, असे सांगणारा माणूस पुन्हा प्रामाणिकपणाच विकतो आहे, म्हणून मी तसे आश्वासन देणार नाही. घोटीव भाषा मात्र आता सगळ्यांनाच मिळते. वाक्ये रचून देणारी यंत्रे आल्यावर ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधांना आकडी गुण देणे बंद केले, कारण निबंध हे विद्यार्थ्याच्या लेखनक्षमतेचे माप आहे असे धरून चालणे त्यांना शक्य उरले नाही. यंत्रालाही तीच मर्यादा आहे जी पहिल्या मदतनिसाला होती. त्या शनिवारी ते तिथे नव्हते.

म्हणून घरात असा निबंध लिहिला जात असेल तर मोठ्यांना एक विनंती आहे. हातातले पेन खाली ठेवा आणि विचारा. मुलांनाही एक सांगणे आहे. तुमच्या निबंधात दुसरी माणसे असतील, आजारी आजोबा असतील, भांडी घासून घर चालवणारी मावशी असेल, कामावरून काढून टाकलेले बाबा असतील. तो निबंध इंग्रजीत आहे आणि तो परक्या माणसांसाठी आहे, म्हणून त्यांचे दुःख तुम्हाला हवे तसे वापरता येते असे वाटू देऊ नका. अर्ज पाठवण्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते त्याला मराठीत, जसेच्या तसे सांगा. जे सांगताना तुमची जीभ अडेल ते वाक्य काढून टाका, आणि तो माणूस जिथे ‘असे नव्हते रे’ म्हणेल तिथे त्याचे ऐका.